शिळेवरचा आकडा

सप्टेंबरच्या २३ तारखेला पॅलेस्टाइनमधील हैफाच्या लढाईचा स्मृतिदिन येतो आणि नोव्हेंबरच्या ११ तारखेला पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा. या दोन तारखांच्या आगेमागे आपल्याकडे एक वाद हमखास डोके वर काढतो आणि दरवेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक पक्ष म्हणतो, ब्रिटिशांच्या झेंड्याखाली लढलेले भारतीय शिपाई हे भारतमातेचे वीरपुत्र होते आणि त्यांचा विसर पडणे ही कृतघ्नता आहे. दुसरा पक्ष म्हणतो, महिना अकरा रुपये पगारावर साम्राज्याची चाकरी करणारे ते भाडोत्री लोक होते, त्यांचा आणि आपल्या राष्ट्राचा संबंध काय? २०२२ च्या जानेवारीत इंडिया गेटखालची अमर जवान ज्योती राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली तेव्हाही हाच सूर लागला होता. कमानीवर कोरलेली ती तेरा हजारांहून अधिक नावे नेमकी कोणाची, आपली की इंग्रजांची? मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे असे वाटते. दोन्ही पक्ष शिपायाला एक विशेषण देतात आणि मोकळे होतात. त्याला तिथे कोणी पाठवले, तिथे त्याचे काय झाले, त्याच्या मरणाचा हिशेब कोणी दिला, हे प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाहीत. त्या माणसांचे स्मरण आपण केलेच पाहिजे, कारण ती आपल्या गावांतून गेलेली आणि परमुलखात खर्ची घातलेली माणसे आहेत. आणि हे स्मरण त्या युद्धाच्या गौरवापासून कटाक्षाने वेगळे ठेवले पाहिजे, कारण ते युद्ध पुकारताना त्यांना किंवा त्यांच्या देशाला कोणी विचारले नव्हते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे दोन्ही पक्षांनी धरून चालल्यामुळेच हा घोळ झाला आहे.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांत फिरताना चावडीच्या, शाळेच्या किंवा जुन्या वेशीच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी संगमरवरी पाटी अनेक ठिकाणी दिसते. पाटीवरचा मजकूर जवळजवळ सगळीकडे सारखाच, बहुधा इंग्रजीत: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके इसम गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स. गेलेल्यांचा एक आकडा आणि मेलेल्यांचा एक आकडा. कित्येक पाट्यांवर चुन्याचे हात फिरून अक्षरे बुजली आहेत, काहींवर निवडणुकीची पत्रके चिकटवली जातात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने ४६ माणसे त्या युद्धात गमावली, म्हणून त्याच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला. पण अशी ओळख मिळालेली गावे थोडी. बाकीच्या ठिकाणी तो आकडा नेमका कोणाकोणाचा हे गावातल्या वृद्धांनाही सांगता येत नाही, कारण सांगणाऱ्यांची पिढी केव्हाच गेली.

आता ही पाटी मनात ठेवून बसऱ्याकडे पाहावे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि ज्यांच्या थडग्याचा किंवा दहनाचा ठावठिकाणा नाही अशा ४०,००० हून अधिक लोकांचे स्मारक तिथे उभारण्यात आले. त्यांतले बहुसंख्य भारतीय होते. पण दगडावर नावे कोरली गेली ती ब्रिटिश सैनिकांची, सर्व हुद्द्यांच्या, आणि भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे एक संख्या आली. युद्धातील मृतांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली आपल्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल दिला, तेव्हा आशिया आणि आफ्रिकेतील निदान १,१६,००० मृतांची नावे कुठेच लागली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, असे त्यांनी मान्य केले. चावडीतील पाटी आणि बसऱ्याची भिंत एकाच वृत्तीतून घडली आहे. माणूस मोजायचा, पण ओळखायचा नाही. 'वीर' आणि 'भाडोत्री' ही आपली विशेषणेही नेमके तेच करतात, म्हणून मला ती खटकतात.

भाडोत्री म्हणणाऱ्यांचा पक्ष हलका नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. भारतात सक्तीची लष्करभरती कायद्याने कधीच नव्हती. निदान कागदोपत्री प्रत्येक शिपाई आपणहून भरती झालेला होता. हीच फौज १९१९ साली इजिप्तमधील उठाव दडपण्यासाठी आणि १९२० साली इराकमध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अरबांना नमवण्यासाठी वापरली गेली. याच काळात, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत डायरने हुकूम दिला तेव्हा बंदुकीचे चाप ओढणारी बोटे भारतीय आणि गुरखा शिपायांचीच होती. परक्या सत्तेच्या हातातले हत्यार बनून दुसऱ्या परतंत्र लोकांवर चालून जाणे ही गोष्ट शौर्याच्या कथांनी झाकता येत नाही, आणि मी ती झाकू इच्छित नाही. ब्रिटनमध्ये अलीकडे या शिपायांविषयी जो उमाळा दाटून येतो, त्यातही साम्राज्याला कौटुंबिक रूप देण्याचा धोका आहे, हाही आक्षेप खरा आहे. सगळेच जणू एका घरातले, संकटात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले, अशी ही कथा असते. घरातल्यांपैकी काहींची नावे दगडावर आणि बाकीच्यांची संख्या, असे कुठल्या घरात होते?

तरीही 'भाडोत्री' हा शब्द या ठिकाणी टिकत नाही. पगार घेतला म्हणून माणूस भाडोत्री होत असेल तर १९१४ आणि १९१५ साली फ्रान्समध्ये उतरलेला ब्रिटिश सैनिकही भाडोत्रीच ठरतो. ब्रिटनमध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा १९१६ साली लागू झाला. तोवर तिथलाही प्रत्येक जण स्वेच्छेने आणि पगारावरच लढत होता. मँचेस्टरच्या कारकुनाला जो शब्द कोणी लावत नाही, तो खेडच्या किंवा पाटणच्या शेतकऱ्याला कोणत्या न्यायाने लावायचा? भाडोत्री शिपाई म्हणजे जो दोन-तीन धन्यांमधून जास्त पैसे देणारा धनी निवडतो तो. आपल्या शेतकऱ्यापुढे असे कोणते धनी उभे होते? त्याच्यापुढे कोरडवाहू जमिनीचा तुकडा होता, सावकाराचे खाते होते, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांची आठवण होती आणि १८९६ पासून मुंबई इलाख्यात ठाण मांडून बसलेला प्लेग होता. कोकणात तर गाव जगायचे ते मनिऑर्डरीवर. एक मुलगा गिरणीत, एक बोटीवर, एक पलटणीत. पोट भरण्यासाठी माणसाने सरकारी नोकरी धरली हा त्याचा गुन्हा मानायचा असेल, तर मग त्याच काळातील मामलेदार, पोस्टमास्तर, रेल्वेचा गुड्स क्लार्क आणि सरकारी शाळेचा मास्तर यांचे काय करायचे? साम्राज्याचा गाडा या सर्वांच्या खांद्यावर चालत होता. टाटांच्या साकचीच्या कारखान्यातील रूळ मेसोपोटेमियाच्या रेल्वेसाठी गेले आणि त्या कामगिरीची जाण म्हणून १९१९ च्या जानेवारीत व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीचे नामकरण जमशेदपूर असे केले. त्या कारखान्याला आपण राष्ट्रीय उद्योगाचा पाया मानतो, आणि योग्यच मानतो. मग त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला तापाने मेलेला शिपाईच तेवढा पोटार्थी कसा? या शब्दाच्या मागे लिहित्या वर्गाची एक जुनी सवय दडलेली आहे. आपली नोकरी ही परिस्थिती आणि दुसऱ्याची नोकरी ही लाचारी, असे मानण्याची ही सवय आहे.

महार समाजाचे उदाहरण तर या शब्दाला पुरते निरुत्तर करणारे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त पुढे करून महारांची लष्करभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पलटण म्हणजे या समाजासाठी केवळ पगार नव्हता. पलटणीत शाळा होती, सक्तीचे शिक्षण होते, अंगावर गणवेश होता, गावकुसाबाहेरच्या आयुष्यातून निघण्याची एक वाट होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपण जाणतोच. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला सिद्धान्ताचा विसर पडला आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडण्यात आली. तेवीस-चोवीस वर्षे अर्ज-विनंत्या करून मिळवलेला हा दरवाजा चार वर्षांत बंद झाला. या माणसांना 'भाडोत्री' म्हणताना, ज्या समाजव्यवस्थेने त्यांच्यासमोर दुसरी वाटच ठेवली नव्हती तिचे नाव आपण का घेत नाही?

आणखी एक गोष्ट. त्या काळचे क्रांतिकारक शिपायाकडे कसे पाहत होते? पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून गदर पक्षाच्या कामासाठी परतले आणि मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत १२ व्या घोडदळाच्या लाइनीत बॉम्बसह पकडले गेले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर त्यांना फाशी देण्यात आले. पिंगळे छावणीत गेले ते शिपायांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी. ही माणसे विकली गेली आहेत असे त्यांना वाटले असते तर त्यांनी तिकडे जाऊन जीव धोक्यात घातला नसता. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरमध्ये ५ व्या लाइट इन्फंट्रीने बंड केले आणि ४७ शिपायांना गोळ्या घालण्यात आल्या. १९१६ मध्ये बसऱ्याला १५ व्या लान्सर्सच्या मुस्लिम स्वारांनी तुर्कांविरुद्ध कूच करण्यास नकार दिला आणि शिक्षा भोगली. तीन दशकांनंतर आझाद हिंद सेनेत जे उभे राहिले त्यांतले पुष्कळसे याच फौजेतील युद्धकैदी होते. ज्याची निष्ठा पैशाने कायमची विकत घेतली आहे, तो माणूस असे करत नाही. नोव्हेंबर १९१५ च्या मध्यावर पुणे जिल्ह्याचा एक तरुण लाहोरला फासावर चढत होता, आणि पुण्याच्या छावणीतून निघालेल्या पलटणी त्याच दिवसांत तैग्रिसच्या काठाने बगदादकडे कूच करत होत्या. यांपैकी एकच आपला, असे म्हणण्यासाठी दुसऱ्याला काहीच न विचारता दोषी ठरवावे लागते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हैफाचे शौर्य खोटे नाही. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी मशीनगनच्या माऱ्यात भाले घेऊन चढाई केली आणि शहर घेतले; मेजर दलपतसिंग त्यात पडले. दिल्लीतील तीन मूर्ती चौकाला २०१८ साली हैफाचे नाव जोडले गेले, याबद्दल कोणाला राग येण्याचे कारण नाही. पण हैफाच आपल्या लक्षात का राहते, हा प्रश्न विचारायला हवा. हैफा एका दिवसाचे आहे, विजयाचे आहे, घोड्यावरचे आहे. मग हैफा जिंकल्यावर कोणाच्या ताब्यात गेले? जिंकणाऱ्या घोडेस्वारांचा देश त्यानंतर आणखी २९ वर्षे पारतंत्र्यात राहिला. आणि मुख्य म्हणजे, हैफाच्या उजेडात इराकमधील कुतचा वेढा झाकला जातो. मराठी माणसाने महायुद्धाविषयी एकच गोष्ट जाणून घ्यायची असेल तर ती कुतची असावी असे माझे मत आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

मेसोपोटेमियात उतरलेल्या फौजेचा गाभा म्हणजे सहावी डिव्हिजन, आणि तिचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. खडकीत तळ असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकड्याही होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये हे सैन्य फाओला उतरले ते बसरा आणि त्याच्या पलीकडचा आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरक्षित करण्यासाठी. ज्या कंपनीचा हा कारखाना होता तिचे ५१ टक्के भाग ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी घेतले होते. काम तिथेच संपायला हवे होते. पण गॅलिपोलीच्या तुर्की किनाऱ्यावर अब्रू गेलेल्या साम्राज्याला एका मोठ्या शहराचा विजय हवा होता, म्हणून जनरल टाउनशेंडच्या हाताखालील या डिव्हिजनला बोटी, औषधे, डॉक्टर, तंबू यांतले काहीही पुरेसे नसताना बगदादच्या दिशेने पुढे ढकलण्यात आले. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला तिचा कणा मोडला. तिथल्या जखमींना लोखंडी पडावांत दाटीवाटीने घालून, कित्येक दिवसांचा प्रवास करून बसऱ्याला आणण्यात आले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर कार्टर यांनी त्यांतली एक बोट धक्क्याला लागताना पाहिली. बोटीच्या कडांवरून दोऱ्या लोंबत आहेत असे त्यांना लांबून वाटले. बोट जवळ आली तेव्हा कळले की त्या दोऱ्या नव्हत्या. हगवणीने बेजार झालेल्या आणि जागचे हलता न येणाऱ्या माणसांची विष्ठा कडेवरून ओघळून वाळली होती. कार्टरांनी याची तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतले. ही कहाणी १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अधिकृत अहवालात आहे.

उरलेली डिव्हिजन मागे हटून कुत अल अमारा या तैग्रिसच्या वळणावरील गावात शिरली आणि डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकली. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून मांस वाटण्यात येऊ लागले. बहुतेक भारतीय शिपायांनी ते नाकारले. ताज्या अन्नाविना हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, पहाऱ्यावर उभे असलेले लोक उभ्या जागी कोसळू लागले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवून ती वाचून दाखवण्यात आली, तरी कित्येक जण बधले नाहीत. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी याला अडाणी हट्ट म्हटले. पण शिपायाच्या जागी उभे राहून पाहावे. धर्मगुरू संमती देईल, पण गावी गेल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल, पोरीबाळींना कोण करून घेईल, ही त्याची भीती होती. युद्ध संपेल, साहेब जाईल, आपल्याला मात्र गावातच राहायचे आहे, हे त्याला साहेबापेक्षा नीट कळत होते. त्यांना सोडवायला निघालेल्या सैन्याचे सुमारे २३,००० लोक त्याच चिखलात मेले किंवा जखमी झाले. वेढा फोडता येईना तेव्हा तुर्कांना पैसे देऊन सैन्य सोडवण्याचाही प्रस्ताव झाला आणि तो फेटाळला गेला. शरणागतीनंतर सुमारे १३,००० लोकांना वाळवंटातून चालवत नेण्यात आले. उरलेल्या भारतीय कैद्यांपैकी पुष्कळांना रास अल ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले आणि हजारो लोक परतलेच नाहीत. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला, नोकर आणि फिरण्याची मोकळीक मिळाली, आणि कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारने त्याला 'सर' ही पदवी दिली. मेसोपोटेमिया आयोगाने ठपका ठेवलेल्यांत माजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग होते. ते तोवर लंडनला परराष्ट्र खात्यात उच्च पदावर बसले होते, आणि तिथेच राहिले. राजीनामा दिला तो एकट्या भारतमंत्री चेंबरलेन यांनी.

शौर्याच्या कथेत हे सगळे कुठे बसवायचे? वेढ्यातील चिवटपणा हे शौर्यच आहे, ११७ व्या मराठा पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला तो उगाच नव्हे. पण केवळ शौर्य सांगितले की चूक कोणाची हा प्रश्न गळून पडतो. वीरमरण म्हटले की मारणारा शत्रू तेवढा डोळ्यांपुढे येतो. बोटी आणि औषधे न पुरवणारा, आणि तरीही पुढे जाण्याचा हुकूम देणारा नजरेआड होतो. शिपायांना स्वतःला हे कळत होते. इंग्लंडमधील रुग्णालयातून १९१५ च्या जानेवारीत एका जखमी राजपूत शिपायाने घरी लिहिले की हे युद्ध नव्हेच, हा जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितला आहे तसला. पत्रे तपासली जातात हे माहीत असल्यामुळे दुसऱ्या कोणी 'काळी मिरी' संपत आली, 'लाल मिरची' मात्र जपून वापरतात, असे लिहिले. काळी मिरी म्हणजे आपण, लाल मिरची म्हणजे गोरे. इतकी नेमकी राजकीय समज बाळगणाऱ्या माणसांना आपण निमूट भोळे राष्ट्रवीर ठरवतो, तेव्हा त्यांचे तोंड दुसऱ्यांदा बंद करतो.

यावर एक उत्तर असे दिले जाते की त्या वेळच्या आपल्या पुढाऱ्यांनीच भरतीला पाठिंबा दिला होता, तेव्हा ते युद्ध राष्ट्रानेही आपले मानले होते. हे अर्धे खरे आहे. गांधीजींनी १९१८ च्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून भरतीचा प्रचार केला. फारसे कोणी पुढे आले नाही. शाहू महाराजांनी भरतीला सक्रिय मदत केली. टिळकांनीही तरुणांना लष्करात जा असे सांगितले. परंतु टिळकांच्या सांगण्यात एक अट होती, आणि तीच महत्त्वाची आहे. भारतीय माणूस पलटणीत कितीही वर्षे झिजला तरी सुभेदार मेजरच्या वर जाऊ शकत नव्हता, आणि सुभेदार मेजरला काल आलेल्या गोऱ्या पोरगेल्या लेफ्टनंटपुढे टाचा जुळवाव्या लागत. स्वराज्याचे हक्क आणि अधिकारपदे द्या, मग माणसे मागा, हे टिळकांचे म्हणणे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हे बोलू लागताच गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून गेले. पुढे त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठवला: भारतीयांना अधिकारपदे मिळतील असे वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो, न दिली तर ही रक्कम दंड समजा. गांधीजींनी मदतीचा सौदा नको म्हणून चेक परत केला. नैतिक उंची कोणाची अधिक, हा वेगळा विषय. पण या युद्धाला आपले म्हणण्याआधी ते आपले कसे होईल याची किंमत मागितली पाहिजे, हे टिळकांना दिसले होते. ती किंमत मिळाली नाही. मिळाला तो मार्च १९१९ चा रौलट कायदा.

युद्धाचा सर्वांत मोठा घाव तर रणांगणावर बसलाच नाही. भारताच्या तिजोरीतून १० कोटी पौंड ब्रिटनला 'देणगी' म्हणून गेले, धान्याचे आणि कापडाचे भाव भडकले, आणि १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून इन्फ्लुएन्झा आत शिरला. पावसाने दगा दिलेल्या त्या वर्षी उपाशी शरीरांमधून तो रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला आणि सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे घेऊन गेला. परदेशी मेलेल्या भारतीय सैनिकांची नोंदलेली संख्या ७४,००० च्या घरात आहे. घरी मेलेल्यांसाठी तर आकड्याची पाटीही लागली नाही.

मग अशा युद्धातील माणसांचे स्मरण करायचे ते कसे? या प्रश्नाशी आपल्याआधी आयर्लंड झगडले आहे. दोन लाखांच्या आसपास आयरिश लोक त्या युद्धात ब्रिटिश फौजेत होते. ते लढत असतानाच १९१६ साली डब्लिनमध्ये स्वातंत्र्याचा उठाव झाला, आणि जे घरी परतले ते एका वेगळ्याच देशात परतले, जिथे त्यांच्या पदकांकडे संशयाने पाहिले जात होते. डब्लिनजवळ आयलंडब्रिज येथे त्यांच्या स्मरणार्थ एक उद्यान बांधले गेले. त्याचे आराखडे काढणारे एडविन लट्यन्स हेच आपल्या इंडिया गेटचेही शिल्पकार. स्वतंत्र आयर्लंडने ते उद्यान अनेक दशके उजाड पडू दिले, आणि १९८८ साली कुठे त्याचे रीतसर उद्घाटन झाले. आयरिश लोकांनी शेवटी असे ठरवले की उठावासाठी मृत्युदंड भोगलेले आणि फ्लँडर्सच्या चिखलात मेलेले यांच्यात निवड करण्याची गरज नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत या दोन गोष्टी घडल्या. यामुळे त्यांचे स्वातंत्र्य उणावले नाही, की ब्रिटिश साम्राज्य निर्दोष ठरले नाही. आपल्याला हे का जमू नये?

जमवायचे तर सुरुवात विशेषणांऐवजी नावांपासून करावी लागेल, आणि हे स्वप्नरंजन नाही. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदी असलेल्या वह्या जवळजवळ शंभर वर्षे पडून होत्या. ब्रिटनमधील पंजाबी वारशाचे काम करणारी एक संस्था आणि ग्रिनिच विद्यापीठ यांनी २०२१ साली त्यांतील पहिल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी शोधता येतील अशा रूपात सर्वांसाठी खुल्या केल्या, आणि परदेशात वाढलेल्या नातवंडा-पणतवंडांना आपल्या पणजोबांचे गाव, पलटण आणि मरणाची जागा सापडू लागली. मुंबई इलाख्यासाठी असे काम का होऊ नये? गावच्या पाटीवर आकडा आहेच; राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी, पलटणींचे इतिहास, जिल्ह्यांची जुनी दप्तरे आणि पेन्शनचे कागद एकमेकांशी ताडून पाहिले तर त्यांतल्या निदान काही आकड्यांना नाव मिळेल. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात समुद्रात बुडालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे, तिथपासून आरंभ करता येईल. हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे आहे, ग्रामपंचायतींचे आहे, आणि वादात उरलेली शक्ती इथे लावली तर वर्षभरात एक तालुका पुरा होईल.

काही नावे तर घरातच आहेत. युद्ध संपल्यावर प्रत्येक शिपायाला चांदीचे आणि बरोबरच्या मजूर, हमाल अशा कामकऱ्यांना बहुधा ब्राँझचे पदक मिळाले होते. यांतली कित्येक चांदीची पदके अडीअडचणीला सोनाराकडे मोडीत गेली. माझ्या पाहण्यातले एक पदक देव्हाऱ्यामागच्या डब्यात, जुन्या पावत्यांबरोबर, काळे पडून होते. घरच्यांना ते कोणत्या लढाईचे तेही ठाऊक नव्हते. एका बाजूला राजाचे मुखवटाचित्र, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा पुरुष, आणि दोन्हींवर शिपायाचा मागमूस नाही. मात्र पदक आडवे धरून त्याची कड उजेडात फिरवली की बारीक इंग्रजी अक्षरे लागतात. आधी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव आणि शेवटी पलटण. ज्यांच्या घरी असे पदक असेल त्यांनी ते घासूनपुसून लख्ख करू नये, अक्षरे झिजतात. कड नीट वाचून ते नाव कागदावर उतरवावे आणि गावच्या पाटीवरच्या आकड्याशी लावून पाहावे.